हौद्याला पत्रा नको, लाकूडच घाला

"आमच्याकडे वडिलांची 1951 सालची शेवरोले पिकअप आहे. लालबागला आमचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता. बांबू, कनाती, खुर्च्या आणि दरवर्षी मंडळाची मूर्ती, सगळं ह्याच गाडीतून जायचं. गेली 19 वर्षं गाडी कुर्ल्याला एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन चालू झालंय, ब्रेकचं काम झालंय. हौद्याच्या फळ्या मात्र कुजल्यात, एके ठिकाणी पाय आरपार जातो. मेहुणे म्हणतात, चेकर्ड पत्रा मारून टाक, जन्माचं काम होईल. सुतार म्हणतो, मरीन प्लाय टाकू आणि वर सनमायका. मुलीला सागवान हवंय, घरातल्या टेबलासारखं चकचकीत पॉलिश केलेलं. वडील 83 वर्षांचे आहेत. ते एवढंच म्हणतात, जुन्या फळ्या टाकू नका. यंदा घरचा गणपती ह्याच गाडीतून आणायचा आहे. काय करू?"
— एक वाचक, लालबाग

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. लाकूडच घाला, आणि सागच घाला. मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे: लाकूड तिचं ऐका, पॉलिश नको. मार्च नुकताच लागलाय, म्हणजे गणपतीआधी वेळ पुरेसा आहे, पण लाकूड ह्याच आठवड्यात बघायला लागा. कारण पुढे सांगतो.

आधी मेहुण्यांचं. रोज लोखंड आणि दगड वाहणाऱ्या टेम्पोला पत्रा मारतात, ते त्या कामापुरतं ठीक आहे. पण पत्रा जन्माचा टिकत नाही, मुंबईत तर नाहीच. पावसाचं पाणी कडेने पत्र्याखाली शिरतं आणि तिथून त्याला वाट मिळत नाही. चार पावसाळ्यांत वरून गाडी धडधाकट दिसते आणि हौद्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या बोट लावलं की पापुद्र्यासारख्या सुटतात. शिवाय पत्रा बसवायचा म्हणजे हौद्याच्या बाजूंना वेल्डिंग मारायचं, आणि ते एकदा झालं की मूळ अंग परत मिळत नाही. लाकडाच्या तळाचं वैशिष्ट्य असं की एक फळी गेली तर तेवढीच काढून दुसरी घालता येते. ह्या गाड्या बांधणाऱ्यांनी तो विचार करूनच फळ्या आणि दोन फळ्यांच्या मधल्या लोखंडी पट्ट्या दिल्या होत्या.

सुतारबुवांच्या मरीन प्लायचा गोंद चांगला असतो, हे मान्य. पण मधली लोखंडी पट्टी बसण्यासाठी फळीच्या दोन्ही कडांना खाच मारावी लागते. प्लायला खाच मारली की त्याचे थर उघडे पडतात आणि कडेने पाणी पितात. वरचा सनमायका ते पाणी आत कोंडून ठेवील.

नियमाची एक गोष्टही लक्षात घ्या. 2021 साली केंद्राने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. पुढेमागे ती नोंदणी करायची असेल तर वेल्डिंग मारलेला पत्रा उगाच वादाचं कारण होईल.

आता तुमची गाडी. शिवडीला 1928 पासून जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना होता, तो 1954 साली बंद झाला. तुमची पिकअप तिथलीच असण्याची शक्यता बरीच आहे. लालबागपासून हाकेच्या अंतरावर जोडलेली गाडी लालबागनेच वापरली, ही कल्पनाच मला फार आवडली. पण त्या काळात मालवाहू गाड्या पुष्कळदा नुसत्या चॅसी आणि पुढच्या तोंडासकट विकल्या जायच्या आणि हौदा इथल्या बॉडीवाल्याकडे बांधला जायचा. तुमचा हौदा कंपनीचा की इथला, हे सगळ्यात आधी ठरवा. त्या वर्षांतल्या अर्ध्या टनाच्या शेवरोलेचा कंपनीचा हौदा आतून सुमारे 78 इंच लांब आणि 50 इंच रुंद असतो. टेप लावा. माप जवळपास जुळलं तर अमेरिकेत ह्या गाड्यांसाठी पट्ट्या आणि बोल्टचे तयार संच मिळतात, ते मागवता येतील. जुळलं नाही तर हौदा इथला आहे. मग संच मागवू नका, त्याची भोकं तुमच्या आडव्या पट्ट्यांवर बसणार नाहीत.

फळ्या काढायच्या दिवशी वडिलांना शेडमध्ये न्या आणि खुर्ची देऊन बसवा. त्यांच्यासमोरच काढा. गंजलेले बोल्ट पान्याने निघणार नाहीत. दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा, तरीही जे निघणार नाहीत ते खालून ग्राइंडरने कापा. पट्टी मात्र पहारीने उचकटू नका, वाकली तर नमुना गेला. पट्टी उचलली की तिच्याखाली बोटभर रुंदीचं लाकूड दिसेल, ऊन-पाऊस न पाहिलेलं. तिथे मूळ रंग शिल्लक असतो. खाच किती खोल, किती रुंद, दोन फळ्यांत फट किती, हे सगळं तिथेच कळतं. फोटो काढा, वहीत मापं लिहा, आणि प्रत्येक फळीच्या खाली खडूने आकडा घाला.

हौदा मोकळा झाला की खालचं काम आधी उरका. इथे लोक घाई करतात आणि नव्या फळ्या जुन्या गंजावर बसवतात. आडव्या पट्ट्या तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टिंग करून पूर्ण साफ करा, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावा, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. आडवी पट्टी आणि चॅसीच्या मध्ये लाकडाच्या किंवा रबराच्या गाद्या असतात, त्या कुजल्या असतील तर बदला. आणि हौद्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर आत्ताच सरळ करून घ्या. फळ्या घातल्यावर मागचा फाळका लागत नाही म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

लाकडाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचंय.

वर दिलेल्या कंपनीच्या मापाला एक इंच जाडीचं कच्चं लाकूड मोजलं तर सव्वादोन घनफूट भरतं. रंध्यात आणि कापणीत जाणारं धरून सव्वातीन घनफूट घ्या. रंधा मारून फळी पाऊण इंचावर आली पाहिजे. रे रोडच्या वखारींत नवा साग मिळेल. पण मी तुमच्या जागी असतो तर जुना शोधला असता. मुंबईतल्या जुन्या चाळी पाडल्या जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि वासे बाहेर येतात, त्यात बर्मी साग पुष्कळ असतो. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आणि पाडकाम करणाऱ्यांकडे चौकशी करा. कित्येक दशकं छपराखाली वाळलेल्या ह्या लाकडाचा बांधा पक्का झालेला असतो. वरून काळं-करडं दिसतं, ओळखू येत नाही. रंध्याचा एक हात मारला की खालून मधासारखा रंग येतो आणि चामड्यासारखा वास सुटतो. त्या वासाने तुम्हाला कळेलच.

मात्र तुळईत खिळे असतात, डोकं तुटलेले, आत रुतलेले. वखारवाला आरा खराब होतो म्हणून नकार देतो, आणि त्याचं चुकत नाही. जोरदार लोहचुंबक घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे पटाशीने खणून खिळा काढा. दोन दिवस जातील. अशी तुळई घेतलीत तर लाकूड चार घनफूट धरा. कापून झाल्यावर कडेचा फिकट पांढरट भाग ठेवू नका, किडा आणि वाळवी तिथूनच शिरते. गाभ्याच्या, सरळ रेषांच्या, गाठ नसलेल्या फळ्या निवडा.

साग परवडत नसेल तर ऐन चालेल, जड आहे पण टिकतो. ओक टाळा. त्यातल्या टॅनिनमुळे ओल्या लोखंडाशी लागून काळे डाग पडतात आणि बोल्टही लवकर खातो. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन तर नकोच.

मी लाकूड ह्याच आठवड्यात बघा म्हणालो ते ह्यासाठी. माझ्या हातून एक चूक झाली होती, ती तुमच्याकडून होऊ नये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या पिकअपचा हौदा मी एप्रिलमध्ये बांधला. साग चांगला होता, पण वखारीतून आणला तसा आठवडाभरात वापरला, आणि फळ्या एकमेकींना चिकटवून घट्ट बसवल्या. मालक बघून खूश झाले. जुलैत त्यांचा फोन आला. मी गेलो तर हौद्याच्या मधोमध फळ्या तंबूसारख्या उठल्या होत्या. कडेच्या अँगलचे तीन बोल्ट ताणाने तुटले होते आणि बाजूचा पत्रा बाहेर फुगला होता. सगळं उघडून प्रत्येक फळी रंधून परत बसवली. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी फळी बसवत नाही.

हिशोब असा आहे. सहा इंच रुंदीची सागाची फळी कोरड्या महिन्यांपासून भर पावसाळ्यापर्यंत दीड-दोन मिलिमीटर फुगू शकते. 50 इंचांचा हौदा धरला तर सगळं मिळून अर्धा इंच. ती जागा तुम्ही दिली नाहीत तर लाकूड स्वतः करून घेतं. म्हणून लाकूड आणल्यावर फळ्या कापून, दर दोन फुटांवर मध्ये बारीक लाकडी पट्ट्या ठेवून, शेडमध्येच एकावर एक रचून महिना-सव्वा महिना राहू द्या. पिना टोचून ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते घ्या. आकडा 12 ते 14 टक्क्यांवर स्थिरावला की कामाला घ्या. मे महिन्यात बसवताना दोन फळ्यांमध्ये तीन मिलिमीटर फट ठेवा. वरची लोखंडी पट्टी फटीपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे ती झाकली जाते, आणि पाणी तिथूनच खाली गळतं. ह्या फटीत सिलिकॉन भरायचा सल्ला कोणीतरी देईलच. भरू नका.

खाच मारताना पट्टी फळीच्या किंचित वर राहील एवढीच खोली ठेवा. ओझं सरकवताना ते लोखंडावरून सरकतं आणि लाकूड वाचतं. बहुतेक बोल्ट पट्टीतून, दोन फळ्यांच्या फटीतून खाली आडव्या पट्टीत जातात, फळीच्या मधोमध भोक पडत नाही; फट बोल्टपेक्षा अरुंद असेल तिथे फळ्यांच्या कडा तेवढ्यापुरत्या कोरा. हौदा चॅसीला धरणारे थोडे बोल्ट मात्र फळीतून जातात. तिथे भोक बोल्टपेक्षा तीन मिलिमीटर मोठं पाडा आणि आतून तेल पाजा.

जुन्या पट्ट्या जिथे गंजून चाळणी झाल्या असतील तिथे नव्या करून घ्या. 16 गेजचा पत्रा लेझरवर कापून बेंडिंग करून देणारे साकीनाक्याला आहेत. त्यांना जुनी पट्टी नमुना म्हणून द्या आणि भोकं चौकोनी हवीत हे दोनदा सांगा. बोल्ट गोल माथ्याचे, चौकोनी मानेचे लागतात. ती चौकोनी मान त्या भोकात अडकते म्हणून खालून नट आवळताना बोल्ट फिरत नाही. नागदेवी स्ट्रीटवर कॅरेज बोल्ट म्हणून मागा, स्टेनलेस 304 चे, समुद्राजवळ गाडी उभी राहणार असेल तर 316 चे. स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर मध्येच जाम होतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा.

आता पॉलिश, म्हणजे तुमच्या मुलीचा प्रश्न. तिला सांगा की हे ऐकून तिचा हिरमोड व्हावा असं मला वाटत नाही. घरच्या टेबलाचं मेलामाइन पॉलिश बाहेरच्या हवेसाठी नाहीच. उन्हापावसाचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मिळतं, ते पहिलं वर्ष फार सुंदर दिसतं. पण लाकूड हलतं, कडेला पापुद्रा तडकतो, तिथून पाणी आत जातं आणि फळी खालून काळी पडत जाते. मग सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं. अमेरिकेत कारखान्यातून ह्या गाड्या निघायच्या तेव्हाही फळ्या आरशासारख्या नव्हत्या, कामाच्या गाडीला साजेशा रंगवलेल्या असायच्या. ती चकाकी नंतरच्या हौशी लोकांनी आणली.

तुम्ही बाहेरच्या वापराचं, बुरशीरोधक असलेलं टीक ऑइल लावा. नुसतं जवसाचं तेल नको, मुंबईच्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून लावण्याआधी थिनरच्या फडक्याने फळी पुसून घ्या. मग फळी बसवण्याआधीच सहाही बाजूंना, म्हणजे वर, खाली, दोन्ही कडा आणि दोन्ही टोकं, तीन हात द्या. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. टोकांना चौथा आणि पाचवा हातही द्या, लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकानेच पितं. वीस मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून काढा. हे काम मुलीलाच द्या. पहिल्या हाताला रंग कसा वर येतो ते ती बघेल, मग चकाकीचं मागणं बहुतेक ती स्वतःच सोडून देईल.

तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बंद शेड आहे, शेजारी पेट्रोलची गाडी आहे. कारागिरांना हे तुम्ही स्वतः सांगा.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावा, फटी पुन्हा मोजा, मग मधल्या पट्टीपासून बाहेर जात अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. वरची पट्टी किंवा फळीतून जाणाऱ्या बोल्टचा वायसर लाकडात रुतायला लागला की थांबा. पहिला पावसाळा संपला की, ऑक्टोबरच्या उन्हात, एकदा सगळे नट तपासा.

मुंबईत पाऊस साधारण 10-11 जूनला येतो. मे अखेर काम संपवायचं म्हणजे खालचं गंजाचं काम आणि लाकूड वाळवणं एकाच वेळी चालू हवं. पावसाळ्यात हौद्यावर ताडपत्री थेट लाकडाला चिकटवून बांधू नका. मध्ये बांबू आडवे टाका म्हणजे हवा खेळेल. बांबू कसे बांधायचे हे तुमच्या घरात कोणी शिकवायला नको.

मूर्ती आणायच्या दिवशी तेल लावलेल्या सागावर पाट सरकेल, म्हणून खाली रबराची चटई घाला आणि घरी आल्यावर लगेच काढा. शाडूची मूर्ती असेल तर वर छप्पर हवंच, भाद्रपदातल्या सरीचा भरवसा नाही.

राहिल्या वडिलांच्या फळ्या. त्या टाकू नकाच. कुजलेला भाग कापला तर बहुतेक फळ्यांतून दीड-दोन फुटांचा चांगला तुकडा निघेल. एक पूर्ण फळी, असेल त्या अवस्थेत, नमुना म्हणून भिंतीला टांगा, पुढच्या वेळी मापं तिच्यावरूनच घ्यायची आहेत. बाकीच्या तुकड्यांवर दोरांनी पडलेल्या खाचा असतील, खुर्च्यांच्या पायांचे ठसे असतील. कुठली खाच कशाची ते वडिलांना विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. आणि सगळ्यात धड असलेल्या तुकड्यांचा सुतारबुवांकडून एक पाट करून घ्या. प्लाय नाकारला म्हणून ते नाराज झाले असतील तर ह्या कामाने खूश होतील. सांधे गोंदाने नको, लाकडी खुंट्यांनी करायला सांगा. गणपती ह्याच पाटावर बसवून आणा.

जूनमध्ये हौद्याचा फोटो पाठवा. खालून काढलेलाही एक पाठवा, मला आडव्या पट्ट्या बघायच्या आहेत.